गल्लीतला पब आणि शेजाऱ्यांचा हक्क

आज मी तुम्हाला जरा लांबच्या मुलखातली हकीकत सांगणार आहे. मुलूख इंग्लंडचा, आणि हकीकत तिथल्या गल्लीबोळांतल्या पबांची. पब म्हणजे बिअर मिळण्याचं ठिकाण. तेव्हा आमच्या काही माताभगिनी मनात म्हणतील, ‘रेडिओवर हा कसला विषय काढला?’ त्यांचं म्हणणं मी आधीच मान्य करून टाकतो. दारूपायी संसार धुळीला मिळालेले आपल्या आसपास थोडे नाहीत. महाराष्ट्रात कित्येक गावांतल्या बायकांनी एकजुटीनं मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, बाटली आडवी केली. त्यांनी केलं ते योग्यच केलं. मी इथं पिण्याची तरफदारी करायला बसलेलो नाही. मला बोलायचं आहे ते बसण्याउठण्याच्या जागेविषयी, आणि अशी जागा हातची जाऊ लागली म्हणजे शेजारपाजारच्या साध्या माणसांना काय करता येतं, याविषयी.

आता प्रथम पब म्हणजे काय ते पाहू. हा शब्द ‘पब्लिक हाऊस’ या दोन शब्दांचा आखूड केलेला. पब्लिक हाऊस म्हणजे सार्वजनिक घर, सर्वांचं घर. मालक कुणी का असेना, दार सर्वांना उघडं. पुष्कळ ठिकाणी पब चालवणारा माणूस आपल्या बायकामुलांसह वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली लोकांची ऊठबस असते. दारावर चित्राची पाटी टांगलेली असते. कुठं तांबडा सिंह, कुठं मुकुट, कुठं नांगर. शिक्षक मंडळींना या पाट्यांचा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे. राजा दुसरा रिचर्ड याच्या अमदानीत, १३९३ साली, बिअर विकणाऱ्यानं दारावर खूण लावलीच पाहिजे असा नियम झाला. त्या काळी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून खूण चित्राची. सहाशे वर्षं उलटली, लोक लिहायवाचायला शिकले, पण पाटीवरचं चित्र काही गेलं नाही.

या घरात चालतं काय? बिअर मिळते, हे उघडच आहे. पण चहा, कॉफी, सरबत आणि जेवणही मिळतं. रविवारी दुपारी घरंच्या घरं तिथं जेवायला येतात. एका कोपऱ्यात भिंतीवर गोल फळा असतो, त्यावर लहान बाण नेम धरून फेकायचा खेळ चालतो, त्याचे सामने होतात. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी प्रश्नमंजूषा. कुणाचं लग्न ठरलं तर पार्टी तिथं, आणि कुणाला पोहोचवून आले की शोकाकुल मंडळी जमतात तीही तिथंच. नोकरीच्या शोधात नव्यानं गावात आलेल्याला पहिली ओळख मिळते ती इथं, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची ‘दोन दिवस दिसला नाही, काय झालं?’ अशी चौकशी होते तीही इथंच. आपल्याकडे वडाचा पार, देवळाचा ओटा, चावडी ही जी कामं करतात, त्यांतली पुष्कळशी कामं तिकडे पब करतो. हवा थंड, पाऊस वेळी-अवेळी, तेव्हा पार उघड्यावर असून चालणार कसं? त्याला छप्पर आलं, शेगडी आली आणि दार आलं.

हे मी पदरचं सांगत नाही. १९३० नंतरच्या दशकात काही अभ्यासकांनी इंग्लंडातल्या बोल्टन या गिरणगावी मुक्काम ठोकून तिथल्या पबांचा बारकाईनं अभ्यास केला. १९४३ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यांना असं आढळलं, की राहतं घर आणि कामाची जागा ही दोन सोडली, तर लोकांचा सर्वात जास्त वेळ ज्या इमारतीत जातो ती पबची.

अशी ही जागा. मग ती धोक्यात का आली?

याची कारणं दोन-तीन आहेत. पूर्वी बहुतेक पब बिअर तयार करणाऱ्या कारखान्यांच्या मालकीचे असत. चालवणारा भाडेकरू, त्यानं त्या कारखान्याचीच बिअर विकायची, असा करार. ज्याच्यावर असं बंधन नाही तो स्वतंत्र पब, असे थोडे. १९८९ साली सरकारनं हुकूम काढला, की दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखान्यांनी त्यावरच्या निम्म्या पबांवरचं बंधन सोडावं. हेतू चांगला होता. पण कारखान्यांनी पब विकायला काढले आणि ते घाऊक भावानं घेतले नव्या कंपन्यांनी. या कंपन्या बिअर करणाऱ्या नव्हत्या. त्यांचा धंदा पबांच्या मालकीचा. पुढं अंगावर कर्ज चढलं, तशी त्यांची नजर पबच्या गल्ल्यावरून पबखालच्या जमिनीकडे वळली.

आता साधा हिशेब करू या. समजा, एक पब वर्षाकाठी आपल्या मालकाला शंभर रुपये भाडं देतो. त्याच जागेवर चार मजले चढवून दहा फ्लॅट काढले, तर एका फटक्यात दहा हजार हाती येतात. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पण व्यवहाराची रीत खरी आहे. लंडनसारख्या शहरात जागेचे भाव असे चढले, की बरा चाललेला पबही कागदावर तोट्याचा दिसू लागला. त्यात लोकांच्या सवयी बदलल्या. दुकानातून स्वस्त बिअर घरी नेता येऊ लागली. परिणाम काय झाला? २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते. २०१९ सालापर्यंत ते सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आले. काही आपोआप बुडाले, हे कबूल. पण काही चालते-बोलते असताना बंद केले गेले.

आणि कायदाही पूर्वी ढिला होता. पबचं दुकान करायचं असेल, तर २०१७ सालापर्यंत बहुधा वेगळी परवानगी लागत नसे. फ्लॅट करायला परवानगी लागे. पण आधी पब बंद ठेवायचा, दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, वर्ष-दोन वर्षं जाऊ द्यायची, आणि मग म्हणायचं, ‘इथं येतं कोण? जागा पडूनच आहे.’ मे २०१७ पासून इंग्लंडात नियम बदलला, आणि पबचं दुसरं काही करायचं किंवा तो पाडायचा तर परवानगी आवश्यक झाली.

पण त्याआधी, २०११ साली, तिथल्या पार्लमेंटानं लोकांच्या हाती एक हत्यार दिलं होतं. स्थानिक लोकांना असा अर्ज करता येऊ लागला, की अमुक एक इमारत आमच्या वस्तीच्या उपयोगाची आहे, तिची नोंद करा. पब असो, दुकान असो, की सभागृह असो. नगरपालिकेनं अर्ज मान्य केला, की ती इमारत यादीवर पाच वर्षं राहते. मालकाला ती विकायची झाली, तर आधी कळवावं लागतं. मग लोकांना सहा आठवड्यांत सांगायचं असतं, की आम्हाला घेण्याचा विचार आहे. तसं सांगितलं, की मालकानं कळवल्या दिवसापासून सहा महिने इतरांना विक्री करता येत नाही. तेवढ्या वेळात लोकांनी पैसे उभे करायचे. नीट ध्यानात घ्या, या कायद्यानं लोकांना मालकी दिली नाही. मालकानं त्यांनाच विकावं अशी सक्तीही केली नाही. त्यानं दिली ती फक्त सवड. पण ज्याच्याकडे रोकड नाही त्याला सवड हीच मोठी ठेव असते.

या सवडीचा उपयोग कसा झाला त्याचं उदाहरण सांगतो. दक्षिण लंडनमध्ये ननहेड नावाची वस्ती आहे. तिथं ‘आयव्ही हाऊस’ नावाचा पब. इमारत १९३० नंतरच्या दशकातली, आत लाकडी तावदानांचं सुंदर काम, गाण्याबजावण्यासाठी रंगमंच. एप्रिल २०१२ मध्ये तो बंद झाला आणि विकायला निघाला. आता इथं फ्लॅट होणार, अशी धास्ती लोकांनी घेतली. शेजारच्या काही मंडळींनी धावपळ करून आधी इमारतीला जुन्या वारशाच्या यादीत स्थान मिळवून दिलं, आणि मग नव्या कायद्याखाली नोंद करून घेतली. त्या कायद्याखाली नोंदला गेलेला देशातला हा पहिला पब. सहा महिन्यांची सवड मिळाली. कुठून कर्ज, कुठून अनुदान अशी जुळवाजुळव करून मार्च २०१३ मध्ये आठ लाख दहा हजार पौंडांना त्यांनी तो विकत घेतला. नंतर भाग विक्रीस काढले, ते ३७१ लोकांनी घेतले. ऑगस्टमध्ये दार पुन्हा उघडलं. कुणी किती भाग घेतले ते पाहायचं नाही. मत प्रत्येकाला एकच.

‘भाग’, ‘सभासद’, ‘माणशी एक मत’ हे शब्द आपल्या शेतकरी बंधूंना ओळखीचे वाटले असतील. वाटणारच. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अठ्ठावीस विणकर आणि कारागिरांनी पै-पैसा जमवून सहकारी दुकान काढलं, त्या झऱ्याचं पाणी पुढं जगभर गेलं. आपल्याकडे १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, त्याची मुळंही याच विचारात आहेत. कारखाना उसाचा असो नाही तर इमारत पबची असो, गावकऱ्यांनी भाग घेऊन ती आपली करायची, ही रीत एकच.

खेड्यातलंही एक उदाहरण देतो. उत्तर इंग्लंडातल्या कंब्रिया भागात हेस्केट न्यूमार्केट म्हणून एक लहानसं गाव आहे. गावात ‘ओल्ड क्राउन’ नावाचा पब, आणि त्याच्यामागे एक छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअर तयार करण्याचा कारखाना. १९९९ साली ही ब्रुअरी लोकांनी सहकारी पद्धतीनं ताब्यात घेतली. पुढं पबही विकला जाणार असं दिसू लागलं. तेव्हा २००३ साली शंभराच्या वर लोकांनी भाग घेऊन पबही विकत घेतला. विशेष म्हणजे त्या वेळी २०११ चा कायदा झालेलाच नव्हता. कायद्याची वाट न पाहता त्यांनी आपलं घर सावरलं.

आता तिसरी गोष्ट. ही जरा नवलाची आहे, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवली.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हद्दीत, किलबर्नच्या सीमेवर ‘कार्लटन टॅव्हर्न’ हा पब. आधीच्या इमारतीवर पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, जर्मन बॉम्ब पडला, म्हणून १९२०-२१ मध्ये ही नवी बांधली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बचा पाऊस पडला, त्यातूनही ती वाचली. बाहेरून चकाकत्या फरशा, आतल्या छताला नक्षी. पुढं एका कंपनीनं ती विकत घेतली आणि तिथं फ्लॅट बांधण्याची परवानगी मागितली. २०१५ च्या प्रारंभी नगरपालिकेनं ती नाकारली. इकडे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सरकारी वारसा विभाग त्या इमारतीला संरक्षण देण्याच्या विचारात होता. एवढ्यात ईस्टरचा सण आला. सणाच्या सुटीत पब चालवणारीला सांगण्यात आलं, की मालाची मोजदाद करायची आहे, एक दिवस बंद ठेवा. आणि त्याच आठवड्यात, ८ एप्रिल २०१५ रोजी, यंत्रं आली आणि भरदिवसा इमारत पाडली. परवानगी नाही, सूचना नाही. महायुद्धाच्या दोन तडाख्यांनंतरही उभा राहिलेला पब एका सकाळीत विटांचा ढीग झाला.

श्रोतेहो, अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘झालं ते झालं. आता दंड करतील, तो भरून मोकळे होतील.’ बहुतेकदा तसंच होतं. फ्लॅटच्या नफ्यापुढे दंड म्हणजे दर्यामे खसखस. पण किलबर्नच्या लोकांनी हे मनावर घेतलं. पाच हजारांहून अधिक लोक चळवळीला येऊन मिळाले. त्यांची मागणी एकच: दंड नको, आमचा पब होता तसा उभा करून द्या. नगरपालिकेनं मालकाला तसा हुकूम दिला. जसा होता तसा, विटेला वीट लावून बांधा. मालकानं अपील केलं. चौकशी झाली. २०१६ साली अपील फेटाळलं गेलं.

आता कळीचा प्रश्न आला. ‘जसा होता तसा’ म्हणजे कसा, हे ठरवायचं कोणी? इमारत तर नाहीशी झालेली. इथं एक गोष्ट उपयोगी पडली. पब पाडण्यापूर्वीच लोकांना शंका आली होती, आणि त्यांच्या आग्रहावरून वारसा विभागानं इमारतीची तपशीलवार नोंद करून ठेवली होती. छायाचित्रं, फरशांचे ठसे, सगळं टिपलेलं. त्या नोंदीवर बोट ठेवून नगरपालिका म्हणू शकली, ही फरशी अशी होती, हा खांब असा होता. सहा वर्षं गेली. १२ एप्रिल २०२१ रोजी, साथीच्या काळातले निर्बंध थोडे सैल झाले त्या दिवशी, नव्यानं बांधलेला जुना कार्लटन टॅव्हर्न पुन्हा उघडला.

आता कुणी विचारील, आणि विचारलं पाहिजे, ‘फ्लॅट म्हणजे तरी काय, माणसांची घरंच ना? लंडनमध्ये राहायला जागा मिळत नाही, तरुण जोडपी भाड्यापायी मेटाकुटीला येतात. मग पबपेक्षा घर मोठं नव्हे काय?’ या प्रश्नात तथ्य आहे. घरं हवीत, पुष्कळ हवीत. आणि ज्यानं पैसे मोजून जागा घेतली, त्या मालकाचाही हक्क आहे. तो नाकारणं न्यायाचं होणार नाही. पण वस्ती म्हणजे नुसत्या खोल्यांवर खोल्या नव्हेत. शंभर बिऱ्हाडं एका रस्त्यावर राहतात, पण एकमेकांना भेटण्याची एकही जागा तिथं नसेल, तर ते शेजारी कसे म्हणायचे? दहा फ्लॅट वाढले म्हणजे दहा बिऱ्हाडं वाढली. त्यांनाही संध्याकाळी कुठंतरी जायचं असतं. घरं बांधायला दुसरी जागा शोधता येते. माणसं जिथं तीन पिढ्या जमत आली, ती जागा एकदा गेली की दुसरीकडे सहसा रुजत नाही.

आणि मालकाच्या हक्काचं म्हणाल, तर किंमत दोन प्रकारची असते. एक विकणाऱ्याला मिळते ती. दुसरी शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं येऊनजाऊन त्या जागेला आणलेली. पहिली खरेदीखतात लिहिली जाते, दुसरी कुठंच लिहिली जात नाही. इंग्लंडातल्या त्या कायद्यानं केलं ते एवढंच, की या दुसऱ्या किमतीला कागदावर एक ओळ मिळवून दिली. मघाशी मी बाटली आडवी करणाऱ्या बायकांचा उल्लेख केला. वरवर पाहता त्यांचं काम आणि किलबर्नकरांचं काम अगदी उलटं. त्यांनी दुकान बंद पाडलं, यांनी पब उघडवला. पण दोन्हीकडे म्हणणं एकच आहे: आमच्या दारात काय असावं आणि काय नसावं, हे ठरवताना आम्हालाही विचारा.

आता या हकीकतींतून घेण्यासारखं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, नोंद वेळेवर करावी. आयव्ही हाऊस वाचला तो यादीत नाव गेलं म्हणून. कार्लटन टॅव्हर्न पुन्हा उभा राहिला तो आधी ठसे घेऊन ठेवले होते म्हणून. संकट दारात आल्यावर कागद शोधत बसणारा बहुधा हरतो.

दुसरी, खिशात हात घालावा. ‘पब वाचवा’ अशा फलकावर सही करणं सोपं आहे. पण सह्या देऊन इमारत विकत घेता येत नाही. ज्यांनी थोडा का होईना भाग घेतला, ते मालक झाले, आणि मालकाला मग हिशेब कळावा लागतो, सभेला यावं लागतं, कुरकुर बाजूला ठेवून निर्णय घ्यावा लागतो. आपल्या सहकारी सोसायट्यांत जे सभासद वर्षातून एकदा नुसते भत्त्यासाठी येतात, त्यांना हे निराळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वात साधी, आणि तीच माणसं विसरतात. वाचवलेल्या जागेत जात राहावं. विकत घेतला म्हणून पब चालत नाही. रोज कुणीतरी दार ढकलून आत यावं लागतं. बिअरच प्यायला हवी असं नाही. कुणी चहा घेईल, कुणी जेवेल, कुणी प्रश्नमंजूषेला बसेल. जी जागा हवी असं आपण म्हणतो पण जिथं पाऊल टाकत नाही, ती जागा बिल्डरनं घेण्याआधी आपणच सोडलेली असते.

आपल्या गावात पब नसेल. नसू दे. पण वाचनालय असेल, तालीम असेल, शाळेचं जुनं मैदान असेल, बाजाराचा कट्टा असेल. कधीतरी कुणीतरी त्या जागेचा भाव विचारायला येईल. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की वरच्या वर्गातल्या मुलांकडून एक काम करून घ्या. गावात लोक जमतात अशा जागांची यादी करायला सांगा. जागा कुणाच्या मालकीची, केव्हा बांधली, तिथं काय काय चालतं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहू द्या. जमल्यास चित्रं काढू द्या, छायाचित्रं घेऊ द्या. भूगोल आणि नागरिकशास्त्र दोन्हींचा पाठ होईल. आणि ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. किलबर्नचा पब पुन्हा उभा राहिला तो अशाच नोंदींच्या आधारावर.